तिचं पिस्तूल तिलाच निवडू द्या

गेल्या उन्हाळी सुट्टीत महिनाभर मी ह्यूस्टनला, माझ्या धाकट्या बहिणीकडे होते. पोहोचून चार-पाच दिवस झाले असतील. ती मुलांना झोपवायला आत गेली तसे आमचे बहनोई हळूच म्हणाले, "बाजी, एक काम होतं. ती तुमचं ऐकते." आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर तळहातात मावेल एवढं पिस्तूल, मूठ जांभळी. लग्नाच्या वाढदिवसाला तिला भेट द्यायचं होतं, आणि मी तिचं मन वळवावं अशी त्यांची इच्छा होती.

मला आधी हसूच आलं. सोलापुरात आमच्या घरात हत्यार म्हणजे कुर्बानीची सुरी, तीही वर्षभर कपाटावर कापडात गुंडाळलेली. आपल्याकडे शस्त्र परवाना म्हणजे कलेक्टर कचेरी, पोलीस चौकशी आणि चपला झिजेपर्यंत हेलपाटे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या एकवीस वर्षांवरील माणसाला परवान्याशिवायही कमरेला पिस्तूल लावून फिरता येतं.

पण बहनोईंची ही हौस नव्हती. बहीण हिजाब घालते, फार्मसीत काम करते, संध्याकाळची पाळी संपवून रात्री नऊ-साडेनऊला गाडीपर्यंत एकटी चालत जाते. मागच्या हिवाळ्यात पार्किंगमध्ये एक माणूस तिच्या मागे शिव्या देत आला होता. झालं काही नाही, अल्लाहचा शुक्र. पण २०१५च्या फेब्रुवारीत चॅपल हिलमध्ये शेजाऱ्याने तीन मुस्लिम विद्यार्थ्यांना त्यांच्याच घरात गोळ्या घातल्या, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये शिकागोजवळ घरमालकाने सहा वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलाला भोसकून मारलं, त्याची आई जखमी झाली. हे तिथल्या मुस्लिम घरांतून कुणी विसरलेलं नाही. तेव्हा "भीती मनाची असते" असलं शहाणपण इथे बसून त्यांना सांगणं मला पटत नाही.

माझं मत मात्र मी त्याच रात्री सांगितलं. मी असते तर घेतलं नसतं. कॅलिफोर्नियातल्या लाखो लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की घरातल्या दुसऱ्या कुणाकडे पिस्तूल असेल, तर त्या घरातल्या माणसाची जोडीदाराकडून घरातच गोळी लागून हत्या होण्याचं प्रमाण सुमारे सात पटींनी जास्त होतं. बळी बहुतेक बायकाच. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आमचे बहनोई सज्जन आहेत, त्यांच्यावर शंका घेत नाही. पण आकडे सज्जनांच्या घरांनाही धरूनच असतात.

ते म्हणाले, "बाजी, हे मी वाचलंय. तरी रात्री नऊला माझं लक्ष घड्याळाकडेच असतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निर्णय त्यांच्या घरातला. माझा मुद्दा वेगळाच होता: निर्णय नक्की कुणाचा? ज्या बाईने ते अंगावर वागवायचं, वेळ आली तर माणसावर रोखायचं, तिला विचारलंच नव्हतं. रंगसुद्धा ठरून गेला होता!

ही सवय फक्त तिथली नाही. आपल्या सरकारी कारखान्याने २०१४मध्ये कानपूरहून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी म्हणून बाजारात आणलं. वजन अर्धा किलो, किंमत एक लाख बावीस हजारांच्या आसपास, आणि दागिन्यांच्या डबीसारखी पेटी. बाईसाठी वस्तू करायची म्हणजे छोटी, हलकी आणि डबीत घालून करायची. माझ्या शाळेत मुलींच्या सायकलींचंही असंच होतं, पुढे टोपली लावली की झाली मुलींची सायकल.

आता त्या जांभळ्या पिस्तुलाकडे येते. त्या जातीची पिस्तुलं रिकामी असताना पावशेराहून थोडी जड असतात. रुगरचं 'एलसीपी' साधारण पावणेतीनशे ग्रॅमचं. उलट 'ग्लॉक १९' रिकामं सहाशे ग्रॅमच्या घरात. पाहणाऱ्याला वाटतं, बाईच्या हाताला हलकं बरं. प्रत्यक्षात उलटं आहे. गोळी सुटताना मागे बसणारा धक्का जड वस्तू पोटात घेते, हलकी वस्तू तो सगळा हाताला देते. मूठ आखूड, करंगळीला जागा नाही, नळी छोटी, म्हणून नेमही चुकतो. ही छोटी पिस्तुलं खरं तर सराईत हाताची, आणि नवऱ्यांकडून दिली जातात नवशिक्या बायकांना. पहिलीच्या मुलाला आपण जाड पेन्सिल देतो ते उगाच का?

बहिणीला मी दुसऱ्या दिवशी सरळ सांगून टाकलं. (बहनोईंचं सरप्राइज मोडलं, त्याबद्दल त्यांनी मला माफ केलं आहे.) ती रागावली नाही, गप्प बसली. मग म्हणाली, "मला हवंय की नाही, हे आधी हातात घेतल्यावर कळेल."

शनिवारी आम्ही शूटिंग रेंजवर गेलो. मी पर्यटक व्हिसावर होते. काही अपवाद सोडले तर अशा माणसाने तिथे बंदूक जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. एच-वन बी आणि एच-फोर व्हिसावरच्या आपल्या मुलामुलींनीही हे ध्यानात ठेवावं. बहीण-बहनोईंकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून त्यांना चालतं. मी काचेमागे बाकावर बसले. दहा मिनिटांनी बहनोईही माझ्या शेजारी येऊन बसले. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना प्रेमाने बाहेर काढलं होतं, कारण प्रत्येक गोळीनंतर ते सूचना देत होते. ती बाई मला फार आवडली. वर्गात पालक येऊन बसले की माझंही हेच म्हणणं असतं.

भाड्याने चार-पाच पिस्तुलं मिळतात, ती एकेक चालवून पाहायची. छोटं तिने दुसऱ्या मॅगझिननंतर खाली ठेवलं. अंगठा आणि तर्जनीमधली कातडी लाल झाली होती, कागदावर भोकं चारी दिशांना. पाच गोळ्यांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर इतका जड, की ओढता ओढताच नेम हलायचा. मधल्या आकाराचं ग्लॉक हातात बसलं, पण स्लाइड मागे खेचताना दमछाक झाली. शेवटी स्मिथ अँड वेसनचं 'शील्ड ईझेड'. त्याची स्लाइड कमी ताकदीच्या हातांसाठी मुद्दाम सैल ठेवली आहे. वजन सव्वासहाशेच्या पुढेच, रंग काळा. त्यावर तिची भोकं एका बशीत मावतील इतकी जवळ आली.

मग पुढचा प्रश्न तिनेच काढला, जो बहनोईंच्या यादीत नव्हता. ठेवायचं कुठे? सलवारीला नाडा असतो, बेल्ट नाही, आणि होल्स्टरला ताठ बेल्ट लागतो. पर्समध्ये ठेवावं तर पर्स लेकराच्या हाताला लागते. २०१४च्या डिसेंबरात आयडाहोतल्या एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि आई जागीच गेली. पिस्तुलासाठी खास कप्पा असलेली ती पर्स तिला नवऱ्याने नाताळात भेट दिली होती. माझी भाची तीन वर्षांची आहे. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायद्याचं कलम भाचीला वाचता येत नाही.

नमाजेचंही आहे. कमरेला पिस्तूल लावून सजद्यात कसं जायचं? हत्यार घेऊन मशिदीत जाणाऱ्याने बाणांची टोकं हातात धरावीत, कुणाला लागू नयेत, अशी ताकीद आपल्याकडे हदीसमध्ये आहे. थट्टेतही भावावर हत्यार रोखायला मनाई आहे. रेंजच्या भिंतीवर लिहिलेला पहिला नियम वाचताना मला तेच आठवलं.

परवान्याबद्दल एक. टेक्सासमध्ये तो सक्तीचा नाही म्हणून बहुतेक जण काढत नाहीत. पण केंद्रीय कायद्याप्रमाणे शाळेच्या हजार फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेता येत नाही. त्या राज्याचा परवाना असेल तर सूट मिळते. रोज मुलांना सोडायला जाणाऱ्या आईला हे माहीत नसणं महागात पडेल. शिवाय परवान्याच्या निमित्ताने वर्गात बसावं लागतं, निशाण्याची परीक्षा द्यावी लागते. मी शिक्षिका, परीक्षेच्या बाजूनेच बोलणार.

परतीच्या गाडीत बहीण बहनोईंना म्हणाली, "पैसे तुम्ही द्या. दुकानात फॉर्म माझ्या नावाने मी भरीन. आणि आधी वर्ग." त्यांनी मान डोलावली. भेट म्हणून विकत घेणं तिथे कायदेशीर आहे, तरी तिला ते नको होतं. मला विचाराल, तर नवऱ्याची मदत एवढीच हवी: रेंजवर सोडावं, मुलं सांभाळावीत, आणि ती 'नको' म्हणाली तर तो विषय परत काढू नये.

मी परत आल्यावर फोनवर कळलं, की तिने परवान्याचा वर्ग पूर्ण केला. बोटाच्या ठशाने उघडणारी लोखंडी पेटीही आणून पलंगाजवळ बसवली. पिस्तूल मात्र अजून घेतलेलं नाही. "घेणार का?" मी विचारलं. म्हणाली, "बाजी, मॅनेजरशी बोलून आधी पाळी बदलून मागितलीय. बघू काय म्हणतो."