बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

गाळप हंगाम तोंडावर आला की कळंब, येरमाळा, शिराढोण या पट्ट्यातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते. चावी फिरवली की नुसतं टकटक वाजतं, इंजिन काही फिरत नाही. मग ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी जी बसली ती काढायची, तिथं नवी टाकायची आणि गाडी उसाच्या फेरीला लावायची. पुढं थोड्याच दिवसांत नवीही बसते आणि दुकानदाराशी वॉरंटीवरून भांडण सुरू होतं. हा खर्च टाळता येतो. त्यासाठी लागणारं मीटर काही शे रुपयांत मिळतं.

आधी जोडणी समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. तेवढा दाब तयार होईल अशा वेगानं इंजिन फिरवायचं तर सेल्फला प्रचंड करंट लागतो. म्हणून आपल्याकडच्या मोठ्या ट्रकांत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. अमेरिकेतल्या डिझेल पिकअपनाही अनेकदा दोन बॅटऱ्या असतात, पण त्या पॅरलल जोडलेल्या, 12 व्होल्टच्याच. मोबाइलवर त्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून आपल्या ट्रकवर तशी केबल मारू नका. थेट शॉर्ट होईल.

सिरीजमधल्या जोडीचं खरं दुखणं टेपपासून सुरू होतं. ट्रक 24 व्होल्टचा, पण टेप, मोबाइलचा चार्जर, केबिनमधला पंखा 12 व्होल्टवर चालणारे. वायरमन सोपा मार्ग काढतो आणि चेसीला अर्थ केलेल्या बॅटरीवरून एक वायर घेतो. आता ती बॅटरी जास्त खर्च होते, दुसरी तशीच भरलेली राहते. अल्टरनेटरला मात्र फक्त बेरीज कळते. समजा त्यानं 27.8 व्होल्ट दिले. ते दोघींत 13.9 असे सारखे वाटले जायला हवेत. बिघडलेल्या जोडीत एकीला 13.1 आणि दुसरीला 14.7 मिळतात. पहिली कायम उपाशी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तिचं पाणी उडतं. दोघीही मरतात, फक्त कारणं वेगळी. एकाच बॅटरीत वरचेवर पाणी घालावं लागत असेल, तर हा दोष आहे असं समजून तपासायला घ्या.

उसाच्या गाड्यांना हे जास्त भोवतं. रांजणीच्या कारखान्याला जा किंवा शेजारच्या तालुक्यातल्या, हंगाम भरात असला की वजनकाट्यापुढं रांग लागते. रात्रभर इंजिन बंद, पण टेप आणि दिवा चालू. मधेच सेल्फ मारून गाडी चार हात पुढं घ्यायची, पुन्हा बंद करायची. सेल्फनं खाल्लेला करंट एवढ्याशा चालण्यानं भरून निघत नाही. पहाटे गाडी अडली की मागची रांगही अडते. तोडलेला ऊस गाडीत वाळतो, त्याचं वजन घटतं आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं.

आता तपासणी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सेल्फ मारण्याआधी हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा. मग दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. इथंच बहुतेक जण चुकतात. दोन्ही मिळून 24.8 दिसले की समाधान मानतात. पण ते 12.7 आणि 12.1 असे असू शकतात. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 च्या वर दाखवते, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. नंतर सेल्फ मारताना मोजा. एक 10 च्या वर टिकली आणि दुसरी 9 च्या खाली कोसळली, तर दोष कुठं आहे ते कळलं. तरी लगेच फेकू नका. दोन्ही सुट्या करून बाहेर पूर्ण चार्ज करा, मग लोड टेस्टर लावा. प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटीही बघा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा खूप खाली असेल, तर ती बॅटरी गेली.

दोन्ही ठीक निघाल्या तर संशय जोडांवर घ्या. मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. मीटर शून्याजवळ राहायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तरी तो जोड खराब आहे. दोन बॅटऱ्यांमधली आखूड केबल आणि इंजिनापासून चेसीला जाणारी अर्थ यांकडे कुणी बघत नाही. त्या आवर्जून तपासा.

एक सवय मात्र आजच सोडा. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून डायनामा, म्हणजे अल्टरनेटर, चार्ज करतो का ते बघतात. त्या क्षणी उसळलेल्या व्होल्टेजनं अल्टरनेटरचे डायोड जातात, नव्या गाडीत इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीएमही जाऊ शकतो. चालू इंजिनावर नुसतं मीटर लावा. साधारण 27.5 ते 28.5 दिसलं की डायनामा बरोबर आहे. 29 च्या वर गेलं तर रेग्युलेटर बघा.

बदलायच्याच ठरल्या तर दोन्ही एकदम बदला, एकाच कंपनीच्या आणि एकाच क्षमतेच्या. जुनी आणि नवी एकत्र जोडली की नवीचं आयुष्य जुनीच ठरवते. खर्च जास्त वाटत असेल, तर काढलेली चांगली बॅटरी दुसऱ्या गाडीतल्या तेवढ्याच वयाच्या बॅटरीशी जोडा. पाणी डिस्टिल्डच घाला. बोअरचं नको, जारचं आरओही नको. बसलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, दुकानदाराकडेच परत करा. बॅटरी कचऱ्याच्या 2022 च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारात गेलेल्या बॅटरीचं शिसं उघड्यावर वितळवलं की त्याचं विष मुलांच्या रक्तात जातं.

टेप काढून टाका, असं मी सांगणार नाही. हंगामाचे महिने ड्रायव्हर त्या केबिनमध्येच राहतो. टेपला बॅटरीवरून वायर घेण्याऐवजी 24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवा, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या सारख्या खर्च होतील. हा खर्च मालकांनी करावा, ड्रायव्हरच्या पगारातून कापू नये.