वाळवणाचे मोल कोण देणार?

प्रकाशा येथे तापी-गोमाईच्या संगमावर दर्शन घेऊन हिवाळ्यात नंदुरबारकडे निघावे, तर शहराच्या आसपास लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या दिसतात. उन्हाळ्यात सातपुड्यात, धडगाव परिसरात, आमचुरासाठी कैरीच्या फोडी अशाच उघड्यावर वाळत असतात. अवकाळी पावसाची एक सर आली की सारे मातीमोल. आपल्या औषधशाळांत येणारे बेहडा, आवळा पुष्कळदा याच रीतीने वाळलेले असतात. चूर्णातील आम्ल-अविद्राव्य भस्माचे प्रमाण वाढते, ते या अंगणातील मातीमुळेच.

सौर वाळवणी यंत्राचे नाव काढले की आमचे वैद्यबंधू आक्षेप घेतात, 'हे तर आतपशुष्क झाले, छायाशुष्काचे काय?' आक्षेप रास्त आहे, परंतु तो एकाच प्रकारच्या यंत्रास लागू पडतो. दुसऱ्या प्रकारात हवा वेगळ्या काचपेटीत तापते आणि अंधाऱ्या कप्प्यातील द्रव्यावरून वाहते. तुळशीसारख्या सुगंधी द्रव्यांस हाच प्रकार, तोही मंद उष्णतेचा, योग्य होय. सूर्यतापी शिलाजिताला अग्नितापीहून श्रेष्ठ मानणाऱ्या परंपरेने सूर्याच्या उष्णतेचे वावडे मानावे, हे आम्हांस नवल वाटते!

भांडवलाची अडचण खरी आहे. पावसाळ्यात यंत्र पडून राहते, हेही खरे. तथापि मोठा अडसर आपल्याच तराजूत आहे. ९० किलो निव्वळ शुष्क द्रव्य असलेला माल १० टक्के आर्द्रतेपर्यंत वाळविला, तर तो १०० किलो भरतो. १५ टक्क्यांवर सोडला, तर जवळजवळ १०६ किलो. आपण दोहोंस एकच भाव देतो. म्हणजे नीट वाळविणाऱ्या संकलकाचे सहा किलोंचे पैसे बुडतात आणि बुरशीला वाव ठेवणारा मोबदला घेऊन जातो. अशा व्यवहारात कोणता शहाणा मनुष्य यंत्र घेईल?

छत्रपती संभाजीनगर येथील एस४एस टेक्नॉलॉजीज या संस्थेस २०२३ साली अर्थशॉट पुरस्कार लाभला. तिने ग्रामीण महिलांना सौर यंत्रे पुरविली, पण त्याबरोबर वाळलेला माल विकत घेण्याची व्यवस्थाही उभारली. आम्हांस यंत्राइतकेच महत्त्व या दुसऱ्या गोष्टीचे वाटते. अनुदान मिळाले तर उत्तमच; परंतु गिऱ्हाईक नसलेले अनुदानित यंत्र गोठ्यामागे गंजत पडते.

म्हणून औषधशाळांच्या मालकांना आमची विनंती आहे की, खरेदीच्या वेळी नमुना १०५ अंशांवर वाळवून वजनातील घट मोजावी आणि भाव शुष्क वजनावर ठरवावा. सुगंधी द्रव्यांस ही रीत चालणार नाही, कारण तेथे तेलही उडते. लहान औषधशाळांनी प्रकाशा-शहादा परिसरात चारपाच जणांत मिळून एक सामाईक यंत्र उभारावे. हिवाळ्यात मिरची, उन्हाळ्यात आमचूर आणि मधल्या काळात वनौषधी, असे ते बहुतेक वर्षभर चालेल. आरंभ बेहड्यापासून करावा. त्याला सुगंधी तेलाची चिंता नाही, आणि त्रिफळेमुळे तो प्रत्येक औषधशाळेला लागतोच.