गौरीचे माहेर

श्रावणसरी ओसरू लागल्या, की परसदारी फुलांची लगबग सुरू होते. पहाटे प्राजक्ताचा सडा पडतो, सायंकाळी गुलबाक्षी उमलते, सोनटक्का दरवळतो. आणि कुंपणाच्या कडेला, कोणीही न लावता उगवलेला तेरडा गुलाबी-जांभळ्या फुलांनी डवरून येतो.

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरीचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. कोकणात आणि अन्यत्रही अनेक घरी तेरड्याची मुळांसकट आणलेली रोपेच गौर म्हणून पुजली जातात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असे आपण उपहासाने म्हणतो. परंतु या माहेरवाशिणीचा मुक्कामही तीनच दिवसांचा असतो, हे विसरून कसे चालेल?

या निमित्ताने एक गोष्ट आम्हांस सुचवावीशी वाटते. तेरडा हे एका पावसाळ्याचे रोप. त्याची बोंडे पिकून तडकतात, बी विखुरते, तेव्हाच पुढील वर्षी तो पुन्हा उगवतो. बी धरण्यापूर्वीच सारी रोपे उपटली, तर पुढच्या भाद्रपदात तेथे काय उगवणार? म्हणून गौरीसाठी रोपे घेताना काही तशीच राहू द्यावीत. ज्यांना अंगण नाही, त्यांनी सज्जातील कुंडीत चार बिया टाकाव्यात. देवीला फूल वाहणे ही जशी पूजा, तसेच तिच्यासाठी बी राखणे हीही पूजाच होय, अशी आमची श्रद्धा आहे. निरोपाच्या वेळी 'पुन्हा ये' म्हणणाऱ्या घराने तिचे माहेरही राखावयास हवे.