गेला तर जाऊ द्या ना भाऊ!

२०२५ मध्ये जितेश शर्मा विदर्भ सोडून बडोद्याला गेला, करुण नायर परत कर्नाटकात. झालं! आमच्या ग्रुपात लगेच 'गद्दार, गद्दार'. च्यायला, बोलणारे कोण? तर अप्रेझल मनासारखं झालं नाही की पेपर टाकणारे :)

जितेशचंच बघा. रणजीत कीपर अक्षय वाडकर, कॅप्टनही तोच, आणि त्यानंच २०२४-२५ ची ट्रॉफी आणली. मग जितेशनं काय पाणी पोचवत बसायचं? आणि करुण? कर्नाटकानं वाऱ्यावर सोडलं तेव्हा, २०२३ मध्ये, तो आपल्याकडे आला. २०२४-२५ च्या रणजीत ८६३ धावा, फायनलला केरळविरुद्ध ८६ आणि १३५. हिशेब चुकता, तोही व्याजासकट.

खरं दुखणं वेगळंच आहे. त्याच सीझनला आपल्या यश राठोडनं ९६० धावा केल्या, म्हणजे करुणपेक्षा जास्त. हर्ष दुबेच्या ६९ विकेट्स, रणजीतला एका सीझनचा विक्रम! ग्रुपात यांच्यासाठी कोणी गळा काढलेला मला तरी आठवत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये, हे दोघे गेल्यावर, जामठ्यात इराणी करंडकही जिंकला. अथर्व तायडेचे १४३.

असो. भांडायचंच असेल तर रिकाम्या जागेवरून भांडा. केशोरीच्या पोराकडे हात असतो, नागपुरात खोली करून राहायला पैसे नसतात. पुढचा पाहुणा आणायच्या आधी त्या खोलीचं भाडं कोण भरणार, ते विचारा.