जॉबकार्डावर कोणाची भाषा?

मारहाण, पोटगी, हुंडा, सात-बारावर बाईचं नाव या कामांत वऱ्हाडातल्या महिला गटांचा हात चांगला बसलेला आहे. पोलीस ठाण्यात काय बोलायचं, तलाठ्याला काय विचारायचं, हे आपल्यातल्या सातवी शिकलेल्या बाईलाही तोंडपाठ असतं. पण कर्ज काढून घेतलेली नवीकोरी गाडी सहा महिन्यांत चारदा बंद पडली, असं सांगत एखादी बाई आली की बैठकीत कुणीतरी पटकन म्हणतं, ‘हे ग्राहकवाल्यांचं काम, आपलं नाही.’ मला हे मुळीच पटत नाही.

ग्राहकाचा प्रश्न बायकांनीच तर पुढे आणला. १९६६ साली मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली ती नऊ बायकांच्या पुढाकारातून. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेव्हा प्रश्न तेलाचा, रॉकेलचा, धान्याचा होता. आता बाईच्या नावावर स्कूटर येते आहे, रिक्षा येते आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये पिंक ई-रिक्षा योजना आणली, त्यात अमरावती जिल्हा आहे. किमतीचे २० टक्के सरकार देणार, १० टक्के बाईने भरायचे, ७० टक्के बँकेचं कर्ज. म्हणजे गाडी वर्कशॉपमध्ये उभी असली तरी हप्ता काही उभा राहत नाही.

मागे बडनेऱ्याची एक बाई आमच्या केंद्रात आली. बडनेरा ते राजापेठ रिक्षा चालवते. गाडी सात महिन्यांची, वर्कशॉपच्या खेपा पाच. पुलाच्या चढावर सवारी बसलेली असताना गाडी मधेच थांबते. दर वेळी मेकॅनिकचं उत्तर एकच, ‘ताई, तुमाले रेस सांभाळता येत नाई.’ मी तिची पाचही जॉबकार्डं मागून घेतली. चारांवर लिहिलेलं, ‘सर्वसाधारण तपासणी.’ पाचव्यावर मात्र, ‘चढावर कंट्रोलर तापतो, मोटर बंद पडते.’ पाचव्या खेपेला गाडी घेऊन तिचा दीर गेला होता.

गाडी तीच, दोष तोच. फरक फक्त सांगणाऱ्याचा.

हा निव्वळ उद्धटपणा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पण प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे गेलं की कंपनीचा वकील पहिलं वाक्य हेच म्हणतो: दोष निर्मितीतला नाही, हाताळणीतला आहे. मग ‘तोच दोष पुन्हा पुन्हा आला’ हे दाखवायचं कशाने? जॉबकार्डाने. आणि जॉबकार्डावर तर ‘सर्वसाधारण तपासणी’! काउंटरवर ज्याला विनोद समजून आपण सोडून देतो, तोच पुढे त्यांचा बचाव होतो. म्हणून माझा आग्रह असा की तक्रार बाईच्या शब्दांत लिहिली गेल्याशिवाय सही करायची नाही. लिहीत नसतील तर सहीच्या वर आपल्या हाताने मराठीत लिहायचं, तारीख आणि किलोमीटर टाकायचे, प्रत घ्यायची. गाडी परत घेतानाही ‘दोष दूर झाला, समाधानी आहे’ या छापील ओळीखाली मुकाट्याने सही करू नये. बाईसोबत गटातली एकजण गेली तर बोलण्याचा सूर कसा बदलतो, हे ठाण्यात आपण पाहिलंच आहे.

आता कायदा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातली आपल्या सर्वांत उपयोगाची गोष्ट अशी की बाई जिथे राहते किंवा कमावते तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका परिचारिकेने स्कूटर घेतली अमरावतीहून आणि कंपनी तर परराज्यातली. तिची समजूत अशी की खटला लढायचा तर तिकडेच जावं लागेल. नाही, अकोल्यातच होतो. गाडीसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील नसला तरी स्वतः उभं राहून बोलता येतं. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि इथेच बायका फसतात. ‘पुढच्या आठवड्यात पार्ट येतो’ म्हणत म्हणत वॉरंटी संपवतात, मग दोन वर्षंही.

रिक्षावाल्या बाईला आणखी एक धाक घातला जातो: ‘तुमचा तर धंदा आहे, तुम्ही ग्राहक कशा?’ धंद्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याच्या बाहेर, हे खरं; पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू आतच आहे. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण दिलं तेही रिक्षाचंच. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक ठरतो, एखाद-दुसऱ्याची मदत घेतली तरी ठरतो. पूर्णपणे दुसऱ्यानेच चालवायला घेतली तर ठरत नाही. योजनेसाठी बायकोचं नाव आणि सीटवर कायम दुसराच, अशा घरांनी हे नीट ऐकावं. नाव तिचं ठेवलंय तर गाडीही तिलाच चालवू द्या!

मागायचं काय, यातही गफलत होते. बाई चिडलेली असते, म्हणते, ‘मले नवीच गाडी पायजे.’ राग रास्त आहे. पण २००६ साली मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचंच कबूल केलं असेल तर आख्खी गाडी बदलून द्या असा हुकूम टिकत नाही. तेव्हा तक्रारीत मागण्या उतरत्या क्रमाने लिहाव्यात: गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत द्या, तेही नाही तर दोष फुकट आणि कायमचा दूर करा, आणि काहीही झालं तरी बुडालेल्या दिवसांची भरपाई द्या. भरपाई मागायची तर रोजच्या कमाईची वही हवी. बाईची कमाई म्हणजे ‘घराला हातभार’, तिची कुठे वही ठेवायची, असं घरातच मानतात, आणि मग आयोगापुढे आकडा नसतो.

तक्रार विक्रेता आणि कंपनी दोघांवर करावी, पण कोणी काय केलं ते वेगळं वेगळं मांडावं. गोव्यात एका ग्राहकाला विक्रेत्याने २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची मोटार दिली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून सोडलं, कारण कंपनीचा स्वतःचा हात त्यात होता हे मांडलेलं आणि सिद्ध केलेलं नव्हतं. दोष दिसण्यासारखा नसेल तर तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी असा अर्जही आयोगाकडे करावा. त्याचा खर्च बऱ्याचदा आधी तक्रारदारालाच भरावा लागतो. गटाचा निधी अशा वेळी नाही वापरायचा तर कधी?

एकट्या बाईने हे सगळं ओढावं असंही नाही. एकाच दोषाने गांजलेल्या अनेकजणींच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार दाखल करता येते. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आलं. ठरावीक प्रमाणात मालकांनी दोष कळवले तर केंद्र सरकार कंपनीला त्या जातीच्या गाड्या परत मागवायला लावू शकतं. म्हणजे संख्या जमवायची आहे, आणि संख्या जमवणं हे तर आपलं नेहमीचंच काम.

अमरावती आणि अकोल्याच्या मधे मूर्तिजापूर दोघींनाही सोयीचं आहे. तिथे एक दिवस बसू. प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या बायकांची जॉबकार्डं, बिलं, वॉरंटीची पुस्तकं आणावीत. कंपनी, मॉडेल आणि दोष यांप्रमाणे ती लावून पाहू. ज्यांनी कार्डं फेकून दिली असतील त्यांनी आताच शोरूमला लेखी अर्ज करून गाडीच्या सर्व दुरुस्त्यांची नोंद मागवावी, अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.