बॉनेटखालचा हिशेब

गेल्या दिवाळीत पाडव्याला पुतण्या फराळाला आला, तो पाच गुळगुळीत माहितीपत्रके बगलेत मारूनच. सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारींवरचा जीएसटी बदलला, तेव्हापासून त्याच्या घरात गाडीखेरीज दुसरा विषय नव्हता. चकली मोडता मोडता त्याने ती पत्रके माझ्यापुढे पसरली आणि म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत इतकी वर्षं वाहनकर्जं बघितलीत. एकदाच सांगून टाका, यातलं कुठलं इंजिन चांगलं?"

मी विचारले, "तुझी गाडी वर्षाला चालणार किती?"

तो गप्प झाला. पाचही गाड्यांची अश्वशक्ती त्याला तोंडपाठ होती. कुठले इंजिन किती फेऱ्यांवर किती टॉर्क देते हेही तो न अडखळता सांगत होता. पण घर, कचेरी, मुलांची शाळा आणि वर्षातून दोनदा कोकण, एवढ्याची बेरीज त्याने कधी केलीच नव्हती. मोठी, चार दारांची, मागे डिकी असलेली कुटुंबाची गाडी घेणारी निम्मी माणसे अशीच असतात. इंजिनाची परीक्षा ती मन लावून करतात, आपल्या घराची करत नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे की परीक्षा उलट्या क्रमाने व्हायला हवी.

इंजिन आणि गाडी यांचे लग्न आपल्याकडे नेहमीच थोडे विजोड लागत आले. ज्यांनी अ‍ॅम्बॅसडर पाहिली त्यांना आठवत असेल. १९५० च्या दशकाच्या अखेरीस उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडू लागली आणि २०१४ च्या मे महिन्यात थांबली. तिच्यात कित्येक वर्षे १४८९ सीसीचे, पन्नासेक अश्वशक्तीचे इंजिन होते. आजच्या हिशेबाने हे अगदीच किरकोळ. पण ते कमी वेगातही ओढायचे, आणि मागच्या बाकावर तीन मोठी माणसे व मांडीवर दोन पोरे घेऊन ती गाडी निमूटपणे घाट चढायची. इंजिन सामान्य, पण गाडीच्या कामाशी त्याचा मेळ होता.

१९८४ मध्ये कॉन्टेसा आली. लांबरुंद, देखणी, पाहताच दबून जावे अशी. आत मात्र सुरुवातीला तेच अ‍ॅम्बॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन. देह पहिलवानाचा आणि काळीज पाप्याच्या पितराचे! पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले, तेव्हा कुठे तिच्या अंगात जीव आला. १९८५ मध्ये मद्रासहून आलेल्या स्टँडर्ड २००० ची गत याहून वाईट. इंग्लंडमध्ये रोव्हरच्या ज्या गाडीत साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिनही मिळे, तिच्या देखण्या सांगाड्यात आपल्याकडे जुन्या व्हॅनगार्डच्या जमान्यातले दोन लिटरचे इंजिन बसवले गेले. काही वर्षांतच ती गाडी बंद पडली. परवान्यांच्या त्या काळात कारखान्याजवळ जे इंजिन असेल ते गाडीत जाई. गिऱ्हाइकाला विचारतो कोण?

कॉन्टेसाचे नाव निघाले की मला एक मुख्याध्यापक आठवतात. १९९६ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी शाखेत कर्जविभाग पाहत होतो. हे गृहस्थ नुकतेच निवृत्त झालेले. एका कारखानदाराची वापरलेली कॉन्टेसा त्यांना मिळत होती. निम्मे पैसे फंडाचे, निम्मे बँकेचे. निवृत्तिवेतन पाहिले, जामीनदार पाहिले, हप्ता बसत होता. मी कर्ज मंजूर केले. आमच्या अर्जात वेतनाचा, देण्याचा, तारणाचा असे सगळे रकाने होते. पेट्रोलचा रकाना नव्हता.

सहा महिन्यांनी वसुलीच्या दुसऱ्याच कामासाठी त्यांच्या गल्लीत गेलो, तर गाडी अंगणात उभी आणि बॉनेटवर पापड वाळत घातलेले. हप्ता दर महिन्याच्या एक तारखेला भरला जाई, एकदाही चुकला नाही. पण हप्ता भरल्यावर टाकीत घालायला पैसे उरत नसत. कागदावर ते खाते आमच्या शाखेतले आदर्श खाते होते. मला मात्र त्या पापडांकडे बघवेना. मी म्हणालो, "गुरुजी, विकून टाका." ते म्हणाले, "टाकणारच आहे साहेब. पण वैशाखात मुलीचं लग्न आहे. तेवढी पाठवणी हिच्यातून होऊ द्या." तशी ती झाली. नंतर गाडी पडत्या भावाने गेली. गुरुजींना मी मूर्ख म्हणणार नाही. लेकीला त्या गाडीतून निरोप देण्याची किंमत काय, याचाही रकाना आमच्या अर्जात नव्हता. पण पेट्रोलचा आकडा मी त्यांना मंजुरीआधी मांडून दाखवायला हवा होता. ते माझे काम होते, आणि मी ते केले नाही.

दुसऱ्याला शिकवणारा हा कर्ज अधिकारी स्वतः किती शहाणा होता तेही सांगतो. २०१३ च्या आरंभी बढतीच्या आनंदात मी डिझेलची मोठी गाडी घेतली. त्याच गाडीच्या पेट्रोल अवतारापेक्षा ती सव्वा लाखाने महाग होती. पण तेव्हा लिटरमागे वीस रुपयांचे अंतर होते आणि डिझेल लिटरला चार-पाच किलोमीटर जास्त चालते, हे सगळ्या जगाला ठाऊक होते. किलोमीटरमागे तीन रुपये वाचत होते. म्हणजे वरचे सव्वा लाख वसूल व्हायला बेचाळीस हजार किलोमीटर हवे. माझी बँक घरापासून चार किलोमीटरवर. वर्षाकाठी गाडी पाच हजारही चालेना. म्हणजे नुसते मुद्दल फिटायलाच आठ-नऊ वर्षे! हा भागाकार तिसरी-चौथीतला आहे. मी तो केला नाही, कारण मला तो करायचा नव्हता. शेजारच्या पार्किंगमध्ये डिझेलची गाडी होती.

बरे, पायाखालची जमीनही तशीच राहिली नाही. जानेवारी २०१३ पासूनच डिझेलचा दर थोडाथोडा वाढवण्याची मुभा तेलकंपन्यांना मिळाली होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो पूर्ण नियंत्रणमुक्त झाला. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ चे प्रदूषणाचे नियम आले आणि अनेक कंपन्यांनी या वर्गाच्या गाड्यांतून डिझेल इंजिनच काढून टाकले. शिवाय डिझेल इंजिनाला लांब पल्ला मानवतो. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते नीट तापत नाही, काजळी धरते. तेरा वर्षांत माझी गाडी साठ हजार किलोमीटर चालली. गाडीत दोष नव्हता. माझ्या घराला ती शोभत नव्हती, इतकेच.

आता पुतण्याच्या माहितीपत्रकांकडे वळू. त्यातले दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात, अश्वशक्ती आणि टॉर्क. घोडा पळतो आणि बैल ओढतो, हा फरक ज्याला कळतो त्याला हे दोन आकडे कळायला हरकत नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी किती वेगाने पळेल ते अश्वशक्ती सांगते. भरल्या गाडीनिशी चढ चढताना ती किती नेटाने ओढेल ते टॉर्क सांगतो. आणि तो टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो हे बारीक अक्षरांत असते, ते भिंग लावून वाचावे. २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाई व्हर्नाचेच उदाहरण घ्या. तिच्यात दोन इंजिने मिळत होती, दोन्ही दीड लिटरचीच. साध्या इंजिनाचा टॉर्क १४४ न्यूटन-मीटर, तोही ४,५०० फेऱ्यांवर. टर्बो इंजिनाचा २५३, आणि तो १,५०० फेऱ्यांपासूनच. याचा घरगुती अर्थ असा, की पाच माणसे, भरलेली डिकी आणि चालू एसी घेऊन खंबाटकी चढताना साध्या इंजिनाला गिअर उतरवून ओरडावे लागते, टर्बोला लागत नाही.

मग टर्बोच घ्यावे का? इथे मला माझा जुना पेशा आठवतो. त्यासाठी वर मोजावे लागणारे पैसे दोन लाख धरू. कर्ज नऊ टक्क्यांनी, सात वर्षांचे. तेवढ्या दोन लाखांचा हप्ता दरमहा सुमारे ३,२२० रुपये, आणि ८४ हप्त्यांत फेड होते दोन लाख सत्तर हजारांची. वर्षातून चार वेळा घाट चढायचा असेल तर सात वर्षांत अठ्ठावीस घाट. एका घाटाला साडेनऊ हजार रुपये पडले! दर आठवड्याला महाबळेश्वर गाठणाऱ्याने जरूर घ्यावे. बाकीच्यांनी गिअर उतरवावा.

हायब्रिडचेही तेच. २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आली, तेव्हा लिटरला साडेसव्वीस किलोमीटरचा दावा होता. चाचणीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत अंतर असते, म्हणून आपण हायब्रिडला वीस आणि साध्या पेट्रोलला तेरा धरू. पेट्रोल १०५ रुपये धरले तर किलोमीटरमागे पावणेतीन-अठ्ठावीस पैशांच्या घासाघीशीत न पडता सरळ २ रुपये ८० पैसे वाचले म्हणू. किमतीतले अंतर चार लाख असेल तर वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणाऱ्याला ते फिटायला जवळजवळ अठरा वर्षे लागतात. खासगी गाडीची नोंदणीच मुळात पंधरा वर्षांची! पण वर्षाला तीस हजार किलोमीटर, तेही शहरातल्या गर्दीत चालवणाऱ्याची तीच गाडी पाच वर्षांच्या आत पैसे परत करते. इंजिन एकच. एका घरी ते चैन आहे, दुसऱ्या घरी काटकसर.

आणि एक इंजिन दिल्लीत ठरते. गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. त्यावर गेली की ४० टक्के. म्हणून तर काही गाड्या ३,९९५ मिलिमीटरवर येऊन थांबतात, जणू पुढे कुणी विळा घेऊन बसले आहे. या कापाकापीत जाते ती बहुधा डिकी. नव्या डिझायरची डिकी ३८२ लिटरची, व्हर्नाची ५२८ लिटरची. तरी छोटी म्हणजे कमअस्सल असे आता म्हणता येत नाही. २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत त्याच डिझायरने मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवले. माझ्या लेखी हे पाच तारे पन्नास अश्वशक्तींहून मोलाचे आहेत. इंजिन कमी पडले तर माणूस उशिरा पोहोचतो. पत्रा कमी पडला तर पोहोचतच नाही.

पुतण्याला मी कुठल्याही गाडीचे नाव सांगितले नाही. कागद घेऊन तीन प्रश्न लिहून दिले. वर्षाला किती किलोमीटर? त्यातले किती दिवस पाच माणसे? आणि गाडी किती वर्षे ठेवणार? उत्तरे आली: आठ हजार, तीस-चाळीस दिवस, दहा वर्षे. अशा घराने साधे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन घ्यावे, हप्त्याची मुदत पाच वर्षांवर नेऊ नये, वरचे पैसे सुरक्षेच्या सोयींवर घालावेत आणि मागच्या मधल्या माणसालाही खांद्यावरून येणारा पट्टा व डोक्यामागे आधार आहे ना, ते पाहावे, असे माझे मत मी त्याला दिले. शिवाय एक अट घातली. शोरूमवाले एकट्याला बसवून सपाट रस्त्यावर चक्कर मारून आणतात. तसे चालणार नाही. अख्खे घर घेऊन जायचे, आणि कात्रजचा जुना घाट चढायचा.

त्याप्रमाणे एका रविवारी तो, सूनबाई, दोन्ही मुले आणि गुडघ्यांनी त्रासलेल्या आमच्या वहिनी अशी वरात निघाली. मला त्यांनी दुसऱ्या गाडीतून मागे यायला लावले. दोन गाड्या झाल्या, तिसरी झाली. पुतण्याचे लक्ष फेऱ्यांच्या काट्यावर. घाटमाथ्यावर गाडी थांबली की वहिनी दार उघडायच्या, पाय बाहेर काढायच्या आणि उतरायच्या. पहिल्या गाडीतून सूनबाईने हात दिला, दुसऱ्या गाडीलाही दिला. तिसऱ्या गाडीतून त्या दाराची चौकट धरून एकट्याच उभ्या राहिल्या आणि पदर सारखा करत मला म्हणाल्या, "भाऊजी, ही कुठली हो?"

पुतण्याने फेऱ्यांच्या काट्यावरची नजर काढून पहिल्यांदाच आईकडे पाहिले.