अर्ध्या वाटेवर सोडलेला दामाजी

दामाजीपंतांचे आख्यान ऐकलेले नाही असे मराठी घर बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात सापडणे कठीण. मंगळवेढ्याला दुष्काळ पडतो, पंत बादशाही कोठारे उपाशी रयतेसाठी मोकळी करतात, त्यांना पकडून बिदरला आणण्याचा हुकूम सुटतो, आणि पंत वाटेवर असतानाच विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष पांडुरंग बिदरच्या दरबारात मोहरांची थैली रिती करून पावती घेऊन जातो. उर्वरित महाराष्ट्राला ही कथा पंढरपूर-मंगळवेढ्याची वाटते. आपल्याला ती आपली वाटते, कारण तिचा शेवट आपल्या गावात घडतो. आता अशी कल्पना करा, की कीर्तनकारबुवांनी पंतांना बेड्या घालून वाटेला लावले आणि तेवढ्यात चिपळ्या खाली ठेवून सांगितले, ‘श्रोतेहो, आज मंडपात गर्दी बेताचीच दिसते, तेव्हा आख्यान येथेच बंद.’ अशा बुवांना पुन्हा कोणत्या गावाने बोलावले असते? बिदागी दूरच राहिली, परतीच्या गाडीभाड्यालाही त्यांना कोणी विचारले नसते.

कीर्तनाच्या मंडपात जे आपण क्षणभर सहन केले नसते, ते घरातल्या पडद्यावर मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे सहन करीत आहोत. मालिका सुरू होते, पात्रे घरची होतात, आणि एके दिवशी ‘प्रेक्षकांचा निरोप घेत आहोत’ एवढ्या एका वाक्यावर सारे संपते. या प्रकाराविरुद्ध मला काही कठोर बोलायचे आहे, आणि त्यातील थोडा कठोरपणा आपल्या स्वतःसाठीही राखून ठेवायचा आहे.

आमच्या घरी एक आत्याबाई होत्या. निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेल्या, पोथ्यांवर मराठी पोसलेल्या, आणि बाजारात अस्खलित कानडी बोलणाऱ्या. आपल्या पिढीजात घरांतून अशा बायका सर्वांनी पाहिल्या आहेत. अखेरच्या वर्षांत डोळ्यांनी पोथी वाचवेना, तेव्हा नातवंडांनी त्यांना मोबाइलवर एक मराठी मालिका लावून दिली. रोज दिवेलागणीनंतर तो एवढासा पडदा उशाशी टेकवून त्या बसत. त्यांच्याबरोबर माझा नातू बसे. तो कानडी आणि इंग्रजी शाळेतला. त्याच्या कानावर सलग मराठी पडण्याची ती एकच घटका होती. काही महिन्यांनी मालिका अर्ध्यातच बंद पडली. आत्याबाईंनी दोन-तीन संध्याकाळी विचारले, ‘अरे, आजचा भाग का लागला नाही?’ नंतर विचारणे सोडले. नातू उठून दुसऱ्या खोलीत दुसऱ्या भाषेतले काही पाहू लागला. वाहिनीचे नाव मी सांगत नाही, कारण दोष एका वाहिनीचा नाही, रीतीचा आहे.

या रीतीचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण पाहू. जानेवारी २०२० मध्ये सोनी मराठी वाहिनीवर ‘सावित्रीजोती’ ही मालिका सुरू झाली. सासू-सुनांच्या कारस्थानांनी भरलेल्या वेळापत्रकात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे चरित्र रोजच्या मालिकेतून सांगण्याचे धाडस कोणीतरी केले, हेच मोठे होते. मार्चमध्ये टाळेबंदी आली, चित्रीकरणे थांबली, काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाली. आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, डिसेंबर २०२० मध्ये, मालिकेने निरोप घेतला. कारण सांगण्यात आले ते अल्प प्रतिसादाचे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे हे दांपत्य. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, १८९० मध्ये जोतीराव गेले, त्यांच्यामागे सावित्रीबाईंनी ते कार्य चालविले आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता प्राण ठेवला. अर्धशतकाचा हा संसार वर्षभराच्या आत आटोपता घ्यावा लागतो, आणि तोही प्रतिसादाच्या आकड्यांपुढे मान तुकवून, हे मराठी समाजाला भूषणावह आहे काय?

येथे कोणी म्हणेल, ‘प्रेक्षकांनी पाहिली नाही, मग वाहिनीने काय करावे?’ प्रश्न रास्त आहे. पण ‘प्रेक्षक’ म्हणजे कोण, हे आधी विचारले पाहिजे. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची मोजदाद २०१५ पासून ‘बार्क’ ही संस्था करते. २०२० च्या सुमारास देशातील एकवीस कोटी दूरचित्रवाणी-घरांसाठी सुमारे ४४ हजार घरांत मोजणीयंत्रे बसविलेली होती. नमुना काढून मोजणे हे शास्त्र आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढेच आहे. मराठी वाहिन्यांची साप्ताहिक क्रमवारी जाहीर होते ती ‘महाराष्ट्र-गोवा’ या बाजारपेठेची. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद येथील घर मराठी मालिका कितीही निष्ठेने पाहो, ते कर्नाटकातील घर. त्याची निष्ठा त्या क्रमवारीत उतरत नाही. ज्या तराजूत मालिकेचे आयुष्य जोखले जाते, त्या तराजूच्या पारड्यात आपण बसलेलोच नाही.

वाचकहो, ही स्थिती आपल्याला ओळखीची वाटत नाही काय? १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात गेले, आणि उरलेले आपण म्हैसूर राज्यात आलो. त्या वादाची उजळणी करण्याचा माझा येथे हेतू नाही. कन्नड शेजाऱ्यांनी आपल्याला परके मानले नाही आणि आपणही या मातीला परके नाही. पण सीमेच्या पलीकडून आपल्याकडे पाहणाऱ्यांना आपली आठवण भाषणांत होते, हिशेबात होत नाही. मालिकांच्या बाजारात तेच घडते. आपल्या घरात मराठी वाहिनी दिसते, पण त्या वाहिनीला आपले घर दिसत नाही.

या तराजूचे पावित्र्य तरी वादातीत आहे काय? ‘सावित्रीजोती’ने निरोप घेतला त्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांत फेरफार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी तपास सुरू केला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबविण्यात आले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. बातम्यांच्या बाबतीत जे आकडे दीड वर्ष झाकून ठेवावे लागले, त्यांच्याच जातीच्या आकड्यांवर कथांचे जन्ममरण ठरत राहिले.

मोबाइलवर आणि इंटरनेटवर मालिका दिसू लागल्या, तेव्हा मला वाटले होते की आता सीमा पुसली. तेथे औरादचा प्रेक्षक आणि पुण्याचा प्रेक्षक सारखाच मोजला जाणार. मोजला जातोही, परंतु ती मोजणी निराळ्या तऱ्हेने निर्दय आहे. नेटफ्लिक्स या कंपनीने २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला सांगितले, की मालिका किती जणांनी सुरू केली, किती जणांनी बरीचशी पाहिली आणि किती जणांनी पुरी केली, याची नोंद ती पहिल्या सात आणि अठ्ठावीस दिवसांत घेते. म्हणजे महिन्याभरात फडशा पाडणारा तो खरा प्रेक्षक. रविवारी जेवणे उरकल्यावर सर्वांनी मिळून एक भाग पाहायचा आणि आठवडाभर त्यावर बोलायचे, अशी आपल्या घरांची रीत. या हिशेबात आपण रेंगाळणारे ठरतो. त्यातून एक दुष्टचक्र निर्माण झाले आहे. मालिका अर्ध्यात बंद पडण्याचा अनुभव आलेले लोक म्हणतात, ‘आधी पूर्ण होऊ द्या, मग पाहू’. ते थांबतात म्हणून आकडे पडतात, आणि आकडे पडतात म्हणून मालिका बंद होते. प्रेक्षकाचा विश्वास कंपन्यांनीच मोडला, आणि त्या मोडलेल्या विश्वासाची शिक्षा पुन्हा कथेला होते.

हा केवळ मराठीचा रोग नाही. विक्रम चंद्रा यांच्या कादंबरीवरील ‘सेक्रेड गेम्स’चे दोन हंगाम २०१८ आणि २०१९ मध्ये आले, मुंबई वाचली की नाही हे न सांगताच दुसरा हंगाम संपला आणि तिसरा आलाच नाही. ‘१८९९’ ही जर्मन निर्मात्यांची मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. तीन हंगामांची कथा मनात आखलेली असताना पहिल्यानंतर अवघ्या दीड-दोन महिन्यांत ती रद्द झाली. परंतु इंग्रजी-हिंदीच्या प्रेक्षकाला एक दार बंद झाले तर दहा उघडी असतात. आपल्या घरांत मराठीचे दार एखादेच. ते आपटले गेले की त्याचा आवाज मोठा होतो.

आता वाहिन्यांच्या बाजूने म्हणता येण्यासारखे जे आहे ते मान्य करू. मालिका काढणे हा खर्चाचा धंदा आहे आणि कोणी तो तोट्यात अनंतकाळ चालवावा असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण अनंतकाळ चालवा असे म्हटले आहे कोणी? उलट, चालणाऱ्या मालिकेला मरू न देण्याचा रोगही याच बाजाराचा. ‘चार दिवस सासूचे’ या नावाची मालिका २००१ ते २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली; चार दिवसांची अकरा वर्षे झाली! एकीकडे कथा संपली तरी संपवायची नाही, दुसरीकडे कथा संपण्यापूर्वीच तोडायची. दोन्हीकडे कथेला स्वतःचा शेवट असतो, ही साधी गोष्ट नाकारलेली आहे.

मर्यादा आधी ठरवून दिली तर तीत काही वाईट नाही, याचा दाखला आपल्याच भागात आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा ‘साइट’ प्रयोग देशातील सुमारे चोवीसशे खेड्यांत झाला. कर्नाटकात त्यासाठी गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे निवडले होते. उपग्रह अमेरिकेचा, मुदत एक वर्षाची. वर्ष संपले, उपग्रह गेला. हळहळ झाली असेल, पण फसवणूक झाली नाही. कारण मुदत पहिल्या दिवसापासून जाहीर होती. आणि सरकारने वाट अर्धी सोडली नाही; १९७७ मध्ये गुलबर्ग्याला दूरदर्शनचे केंद्र आले. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ १९८८ मध्ये सुरू झाली, त्रेपन्न भागांत पाच हजार वर्षे सांगून थांबली. पाच हजार वर्षे जर त्रेपन्न भागांत शेवटास जातात, तर एका मराठी कुटुंबाची गोष्ट का जाऊ नये?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. पहिली गोष्ट, मालिका सुरू करतानाच तिचे किमान भाग जाहीर करावेत आणि तेवढे दाखविल्याखेरीज ती बंद करू नये. दुसरी, बंद करणे अटळच झाले तर शेवट सांगण्यापुरते भाग द्यावेत. तेही शक्य नसेल तर उरलेली कथा लिहून प्रसिद्ध करावी. कागदाला चित्रीकरणाचा खर्च येत नाही. तिसरी, मराठी मालिकेच्या प्रतिसादाचा हिशेब करताना महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांची नोंद निराळी का होईना, पण घ्यावी. आपण थोडे असू, शून्य नाही.

आणि आता आपल्याविषयी. आपण एकाच वर्गणीवर भावकीतली पाच घरे चालवितो आणि मग मराठीला प्रेक्षक नाही म्हणून हळहळतो. कन्नड-हिंदी मालिका पाहून झाल्यावर उरलेल्या वेळात मराठी लावतो. चांगली मालिका चालू असताना चार ओळींचे पत्र धाडीत नाही. बंद पडल्यावर मात्र ओट्यावर बसून तासभर शोक करतो. मुख्य म्हणजे, मुलांच्या कानावर मराठी पडण्याचे काम आपण पडद्यावर सोपवून मोकळे झालो. पडदा परक्याच्या मालकीचा. तो कधीही विझणारच. ‘सावित्रीजोती’ बंद झाली, पण धनंजय कीरांनी लिहिलेले फुल्यांचे चरित्र काही बंद झालेले नाही. त्याची दोन पाने रोज मोठ्याने वाचायला कोणत्या वाहिनीची परवानगी लागते?

आत्याबाईंची मालिका बंद पडली, तेव्हा पुढची गोष्ट नातवाला मी सांगायला हवी होती. मला ती ठाऊक होती. मी वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. आत्याबाई गेल्या, नातू मोठा झाला, आणि ती घटका पुन्हा यायची नाही.

मंडळाच्या येत्या बैठकीत वरील तीन मागण्यांचा ठराव मी मांडणार आहे. मराठी वाहिन्यांना तो आपल्या सर्वांच्या सह्यांनिशी जावा, आणि सहीखाली प्रत्येकाने आपल्या गावाचे नाव ठळकपणे लिहावे: बिदर, भालकी, औराद, आळंद. मोजणारे मोजत नसतील, तर निदान त्यांना वाचायला लावू.